लोकरीचं तूप

रज्जाकभाईच्या हातात हातोडी नव्हती,
जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक होतं.
बॉनेटवर ते चिकटलं,
दारावर चिकटलं,
दाराखालच्या उंबऱ्याशी आलं
आणि गळून पडलं फरशीवर.
"हितं गाडीच नाही ओ," तो म्हणाला,
"हितं नुसती लांबी भरलीय."

एकाहत्तरची, दोन दारांची, तांबडी.
डॉक्टर हलकुडे लेस्टरहून परतले
तेव्हा बोटीनं आली त्यांच्या मागोमाग,
आणि शेवटची एकोणीस वर्षं
मुरारजी पेठेत दवाखान्यामागं उभी होती, विटांवर.
त्यांच्या लेकीनं मला दिली
जुन्या रिक्षाच्या भावात.
मी गिरणीच्या रंगखात्यातला माणूस.
रंग कशावर बसतो, कशावर बसत नाही,
एवढंच मला कळतं.

तिकडं थंडीत रस्त्यावर मीठ फेकतात म्हणे,
बर्फ विरघळावं म्हणून.
इतकी वर्षं आपल्या उन्हात वाळत पडली,
टायर गेले, छताचं कापड उंदरांनी नेलं,
डॉक्टरही गेले;
एक गंज तेवढा
खाल्ल्या मिठाला जागला.

मी तिच्यावर चादर टाकली होती.
आपल्याच शेजारच्या मागावरची, जाड, मोरांची.
रज्जाकभाईनं कोपरा उचलून
आतून तळवा लावला. ओला.
"पहाटंचं दव पिते ही,
आणि दिवसभर पत्र्याला पाजत बसते.
माया करा मास्तर. पांघरूण घालू नका."

मग त्यानं दाराच्या पोटाखालची
तीन भोकं दाखवली, मातीनं बुजलेली.
सायकलचा स्पोक घालून फिरवला
तर वाटीभर पाणी आलं,
गुळवणीच्या रंगाचं, कधीचं कोण जाणे.
"पाणी येणारच. त्याला जायला वाट ठेवा."

आमच्या गल्लीत नळाला चौथ्या दिवशी पाणी.
नागमणी पहाटे तीनला उठून
पिंप, घागरी, तांब्यासुद्धा भरून ठेवते.
आणि मी त्याच वेळी, कंदिलासारखी बॅटरी धरून,
गाडीखाली उताणा
एखादा थेंब राहिला का, शोधत.
ती काही बोलली नाही.
बोलली, पण तेलुगूत.

सडलेला पत्रा कापून काढला.
नवा कुठला? एका मोडीतल्या कपाटाचं दार.
उंबऱ्याच्या आतल्या अंगाला अजून अक्षरं आहेत:
मामांकडून सप्रेम भेट.

आता आतून लावायचं काय?
परदेशी मेणाचा डबा सात हजारांचा.
सांगोल्याकडचा म्हाळाप्पा लोकर घेऊन आला होता बाजारात,
न धुतलेली, काट्याकुट्यांसकट.
"मेंढरू दिवसभर पावसात हुबं ऱ्हातं," तो म्हणाला,
"गंजतंय का?"
मी हसलो. तो हसला नाही.

रंगाच्या जुन्या पातेल्यात लोकर उकळली,
वर पिवळट साय धरली,
काढली, गाळली, पुन्हा उकळली.
तीन रात्री माझं अंथरूण गच्चीवर होतं.
त्या तुपात थोडं तेल घालून
फवारणीच्या पंपानं
उंबऱ्यात, खांबांत, दारांच्या पोटात मारलं,
आणि गाडी मे महिन्याच्या उन्हात ढकलली.
बेचाळीस डिग्री.
ज्या उन्हाला जन्मभर शिव्या दिल्या
ते पहिल्यांदा कामाला आलं:
तूप पातळ होऊन
सांध्यासांध्यांत शिरत गेलं,
जिथं माझं बोट गेलं नसतं, नजरही नाही.

होटगी रोडला पहिल्यांदा काढली,
तेव्हा पोरं गाडीकडं बघत होती,
आणि दोन कुत्री वासावर मागं.
एकानं विचारलं, "काका, किती पळते?"
मला माहीत नव्हतं.
चाळीसच्या वर मी नेलीच नव्हती.

रज्जाकभाईला म्हटलं, किती वर्षं टिकेल?
त्यानं खिशातून चुंबक काढलं,
उंबऱ्याला लावलं, हात सोडला.
राहिलं.
काढताना त्याला जरा जोर लागला.
मामांच्या अक्षरांवरच असावं, बहुधा.